जिला एकटीला घास जात नसे

नर्सबाई समोर आल्या की "काय, बरं आहे ना" वगैरे काही नाही. उजव्या हाताचा अंगठा सरळ तुमच्या डोळ्याखाली यायचा. खालची पापणी ओढून त्या आतला रंग बघायच्या आणि मगच तोंड उघडायच्या. रंग लाल असला तर "बरां आसा," एवढंच. फिका असला तर सुटका नसे. "काल काय जेवलंस? आणि परवा?" तुम्हाला परवाचं आठवेपर्यंत अंगठा तिथून हलायचा नाही.

गर्भार बायकांपुरतं हे असतं तर ठीक होतं. पण त्यांनी एसटीच्या कंडक्टरची पापणी ओढलेली मी पाहिली आहे. पोस्टमनची ओढली, देवळातल्या गुरवाची ओढली. गुरव आंघोळ करून पूजेला निघाला होता, त्याला पुन्हा विहिरीवर जावं लागलं. तुमच्याही गावात असं एखादं माणूस असेलच, ज्याला आपलं काम कुठे संपतं तेच कळत नाही. आपण अशा माणसांना हसतो. मीही हसत होते, आणि हसण्यावरच थांबले असते तर हे लिहायची पाळी आली नसती.

रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा होऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली असतील. मालवणच्या उत्तरेला, खाडीच्या तोंडाशी असलेल्या एका गावात मी प्राथमिक शिक्षिका म्हणून रुजू झाले. मी वालावलची, देवळाशेजारी वाढलेली, मासे न खाणाऱ्या घरातली. वय चोवीस, आणि डोक्यात नियम फार. राहायला खोली मिळाली ती एका मासे विकणाऱ्या बाईच्या घराच्या पडवीत. घरात तिघं होती. म्हातारी, तिचा मुलगा आणि सून शेवंती. मुलगा मालवणच्या ट्रॉलरवर खलाशी, आठ-आठ दिवस समुद्रात असायचा. म्हातारी डोक्यावर पाटी घेऊन बाजारात जायची. मी माझा वरणभात खोलीतच स्टोव्हवर शिजवायची, त्यामुळे त्यांच्या स्वयंपाकघरात माझं जाणंयेणं नव्हतं.

मी आले तेव्हा शेवंतीला चौथा महिना होता. ही तिसरी खेप. पहिलं मूल अंगानं मोठं होतं, ते अडलं आणि गेलं. म्हातारीने त्यातून एकच गोष्ट मनाशी धरली, की पोटातलं पोर मोठं होऊ द्यायचं नाही. म्हणून दुसऱ्या खेपेला तिने सुनेचं जेवण निम्म्यावर आणलं. ते मूल सुखरूप बाहेर आलं, पण इतकं अशक्त की तिसऱ्या दिवशी गेलं. तरी म्हातारीचं मत बदललं नाही. "ता तरी सुटान भायर इला," ती मला सांगायची. "माजी सून वाचली मा?" आता तिसऱ्या खेपेलाही तेच चाललं होतं. घरात मासळीच्या पाट्या, आणि शेवंतीच्या ताटात भात आणि वरवरची कढी. तीही सगळ्यांची जेवणं झाल्यावर.

म्हातारी दुष्ट नव्हती, हे मला सांगितलंच पाहिजे. बाजारातून दमून आली तरी आधी सुनेच्या पायांना तेल लावायची. तिला वाण्याकडे जाऊ द्यायची नाही, विहिरीचं पाणी ओढू द्यायची नाही. तिला फक्त भीती वाटत होती, आणि त्या भीतीपुढे ती कुणाचं ऐकत नव्हती.

एक नर्सबाईच तेवढ्या तिच्याशी भांडायच्या. अंगणातूनच आवाज सुरू व्हायचा. "आये, हिच्या अंगात सांडूक रगात नाय. बाळंतपणात काय झाला तर ही काय करतली?" त्या लोहाच्या लाल गोळ्या देऊन जायच्या. त्या गोळ्यांनी पोर काळं होतं असा गावभर समज होता, म्हणून म्हातारी त्या नेमाने माडाच्या मुळात पुरायची. एकदा पावसाने माती वाहून गेली आणि गोळ्या उघड्या पडल्या. नर्सबाईंनी त्या एकेक करून वेचल्या, ओंजळीत घेतल्या आणि म्हातारीसमोर धरल्या.

"माड पोटुशी आसा काय गे?"

म्हातारीलाही हसू आवरलं नाही. पण गोळ्या काही सुनेच्या पोटात गेल्या नाहीत.

मग नर्सबाईंची दुसरी खोड सुरू झाली. दुपारी साडेबाराच्या सुमाराला त्या अंगणात हजर व्हायच्या. पायावर पाणी घ्यायच्या आणि कोणी बोलवायच्या आत स्वयंपाकघरात जाऊन पाट मांडायच्या. "आये, भूक लागली. वाढ बघू." दारात आलेल्या माणसाला उपाशी कोण पाठवणार? म्हातारी वाढायला घ्यायची. तेवढ्यात दुसरं वाक्य यायचं. "शेवंतीक पण बसव. माका एकटीक घास जायना."

हे वाक्य मी मधल्या सुट्टीत पडवीतून इतक्यांदा ऐकलं की वर्गात फळा पुसतानाही ते कानात वाजायचं. दारातून मला फक्त त्यांची पाठ दिसायची. पाहुणी म्हणून तुकडा त्यांच्या ताटात पडायचा, तो बांगड्याचा असो की मोरीचा, आणि उठताना ताट लख्ख असायचं. फक्त आमच्याकडेच असं नव्हतं. गावात ज्या चार-पाच घरांत बायका गर्भार होत्या, त्या सगळ्या घरी त्यांची पाळी ठरलेली. लोक म्हणायचे, "नर्सबायचा पोट काय, खाडी." मला मात्र यात गंमत वाटत नव्हती. सरकारी पगार घेणाऱ्या बाईने गरिबाघरी जेवण मागावं, याची मला चीड यायची.

त्यातच एकदा त्या माझ्या वर्गात आल्या. मुलींच्या पापण्या ओढून झाल्या आणि जाता जाता त्यांचा अंगठा माझ्या डोळ्याखाली आला. "बाई, तुमच्याच अंगात रगात नाय. काय खातास? भात आणि वरण, वरण आणि भात?" चाळीस पोरं खदखदून हसली. दिवसभर वर्गात कोणी ना कोणी "वरण आणि भात" म्हणत होतं.

मी आरोग्य खात्याच्या साहेबांना पत्र लिहिलं. ते रागाच्या भरात लिहिलं असं सांगितलं तर बरं दिसेल, पण ते खरं नाही. मी आधी कच्चं लिहिलं. मग शुद्धलेखन तपासून पक्कं केलं. "शासकीय कर्मचारी असूनही सदर परिचारिका गरीब कुटुंबांकडे वारंवार भोजनाची मागणी करतात," असं एक वाक्य होतं आणि ते मला फार जमल्यासारखं वाटलं होतं. खाली सही केली नाही. नुसतं "एक ग्रामस्थ" असं लिहिलं आणि मालवणला गेले तेव्हा तिथल्या पेटीत टाकलं.

महिन्याभराने खाडीपलीकडे जीप आली आणि आरोग्य खात्याचे साहेब होडीने गावात उतरले. साहेबांनी चार घरी विचारलं, नर्सबाई तुमच्याकडे जेवतात का? चारही घरी खरं तेच उत्तर मिळालं. आमच्या म्हातारीने तर अंगणात खुर्ची मांडून, सोलकढी देऊन सांगितलं, "जेवतत तर. हप्त्यातसून तीनदा." साहेब नर्सबाईंची विचारपूस करायला आले आहेत, असंच तिला वाटत होतं. साहेबांनी लिहून घेतलं. मी शाळेच्या खिडकीआडून बघत होते. पश्चात्ताप तेव्हा नव्हता, पकडले जाण्याची भीती होती.

नर्सबाईंची बदली वैभववाडीच्या पलीकडे, घाटाच्या पायथ्याशी झाली. शेवंतीला तेव्हा सहावा महिना सरत होता. निघताना त्या आमच्या अंगणात आल्या आणि म्हातारीचा हात धरून म्हणाल्या, "आये, हिका तुझ्याआधी जेवव. बाकी काय करू नको." म्हातारीने मान हलवली. त्यांच्या जागी कोणी आलं नाही, उपकेंद्राला कुलूप लागलं.

दोन-तीन दिवसांनी शेवंती माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर येऊन बसली. ती फार बोलणारी नव्हती. म्हणाली, "बाई, आता माका मासो कोण घालतलो?"

मला कळलंच नाही. मग तिने सांगितलं. म्हातारी वाढून चुलीकडे वळली की नर्सबाई आपल्या ताटातला तुकडा उचलून तिच्या भाताखाली सरकवायच्या आणि स्वतः कढीशी भात कालवून खायच्या. डाळ असली की डाळ, अंडं असलं की अंडं. इतर घरीही असंच चालायचं. "माका एकदा म्हटल्यान, तू खाल्लंस काय माजा पोट भरता," शेवंती म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून हसली.

त्या दिवशी मी मुलांच्या वह्या तपासल्या नाहीत.

रविवारी मी पहिल्या एसटीने निघाले. कणकवलीला गाडी बदलून, धक्के खात पोचले तेव्हा अकरा वाजले होते. नर्सबाई एका कौलारू खोलीत राहत होत्या. पितळीत पेज घेऊन बसल्या होत्या आणि बाजूला खारातल्या कैरीची एक फोड होती. मला बघताच पितळी बाजूला सारून उठल्या. मी वाटेत वाक्यं जुळवत आले होते, पण त्यांनी विचारलं ते असं:

"शेवंतीक कितवो लागलो?"

"सातवा लागला."

"आणि जेवूक तिच्यावांगडा, सोबतीक, कोण बसता?"

"कोणी नाही," मी म्हटलं.

त्यांनी पितळीवर ताटली झाकली. मग म्हणाल्या, "पत्र माका दाखवल्यानी. अक्षर वळाखलंय. लसीची यादी तुमीच लिवन दिली होती मा?" मी रडायला लागले. त्यांनी मला रडू दिलं, पाणी दिलं. "मिया कोणाक सांगूचंय नाय. तुमका त्या गावात रवाचां आसा. आणि शेवंतीक आता तुमचीच सोबत. तुमी बसा तिच्यावांगडा."

"पण मी मासे खात नाही."

"तुमका खंय खाऊचो आसा? नुसतो ताटात वाढून घेवा. म्हातारी वळली काय तिका द्या."

इतकं साधं होतं ते. परतीच्या गाडीत मी मनाशी दहा वेळा ते घोकलं.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. मी म्हातारीला म्हटलं, आज मी तुमच्याकडे जेवते, शेवंतीलाही माझ्याबरोबर बसवा. म्हातारी हरखून गेली. धावत जाऊन केळीचं पान कापून आणलं, माझ्यासाठी वेगळी डाळ शिजवली, शेजारून तूप मागून आणलं. मी म्हटलं, "मला बांगडाही वाढा." तिचा हात पळीवरच थांबला. "तुमका? माका पाप लागतला, बाई." मी हट्ट धरला. तिने चाचरत एक तुकडा पानाच्या कडेला ठेवला आणि चुलीकडे वळली. शेवंती माझ्याकडे बघत होती. मी हात पुढे केला. बोटं त्या तुकड्याला लागली, वास नाकात गेला, आणि मी पानावरून उठून विहिरीकडे धावले.

परत आले तेव्हा पान उचललेलं होतं. जागा शेणाने सारवलेली होती. म्हातारी हात जोडून उभी होती. माझं व्रत तिच्या हातून मोडलं, असं तिला वाटत होतं. त्यानंतर तिने मला त्या पाटावर बसू दिलं नाही. आणि खरं सांगायचं तर मीही पुन्हा धीर केला नाही. मी शेंगदाणे-गुळाचे लाडू करून शेवंतीला देत राहिले. ती दोन खायची, बाकीचे नवऱ्यासाठी ठेवायची. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा बसायला हवं होतं. तिसऱ्या दिवशीही. एक माशाचा तुकडा इकडचा तिकडे करायचा होता, आणि तेवढंही माझ्याच्याने झालं नाही.

आठव्या महिन्यात, एका सकाळी मुलं पाढे म्हणत असताना शेजारीण धावत आली. मी पोचले तेव्हा सुईणीने मुलीला फडक्यात गुंडाळलं होतं. मुलगी माझ्या दोन तळव्यांत मावेल एवढी होती, पण रडत होती. शेवंतीचं रक्त थांबत नव्हतं. नवरा ट्रॉलरवर होता. गावातले चौघे तिला झोळीत घालून होडीने खाडीपलीकडे, मोटार मिळेल तिथे न्यायला निघाले. पलीकडचा काठ लागायच्या आधीच ती गेली. सुईण नंतर म्हणत होती, एवढं रक्त तर पुष्कळ बायकांचं जातं.

नर्सबाईंना चौथ्या दिवशी कळलं आणि पाचव्या दिवशी त्या आल्या. त्या म्हातारीला फाडून खातील, मला फाडून खातील, असं मला वाटलं होतं. त्या कुणालाच काही बोलल्या नाहीत. म्हातारी भिंतीकडे तोंड करून बसली होती. चार दिवसांत ती बोलली नव्हती आणि जेवलीही नव्हती. नर्सबाईंनी मुलीला उचललं, म्हातारीचा पदर बाजूला केला आणि मुलीला तिच्या उघड्या छातीवर ठेवून वरून लुगड्याने बांधलं. "हिका ऊब होयी. तू जिती आसस मा? मगे हिका धर."

म्हातारीचे हात हळूहळू वर आले आणि तिने मुलीला धरलं.

त्यानंतर दर पंधरा दिवसांनी, रविवारी, पदरच्या सुट्टीत, त्या तेवढ्या लांबून यायच्या. शेजारच्या घरी तान्हं मूल होतं, त्या बाईकडून दिवसातून दोनदा मुलीला पाजून घ्यायची व्यवस्था त्यांनीच लावली. बाकीच्या वेळी उकळून गाळलेलं दूध, चमच्याने, थेंब थेंब. सहा महिने झाल्यावर नाचणीचं सत्त्व, मग मऊ भातात काटे काढून कुस्करलेला मासा. झोळीचा काटा त्या बरोबर आणायच्या आणि मुलगी तोळाभर वाढली तरी म्हातारीला दाखवायच्या. म्हातारी जेवत नाही असं कळलं तेव्हा तिच्याशेजारी पाट मांडून बसल्या. "वाढून घे. माका एकटीक घास जायना."

म्हातारी घुमी झाली होती. नर्सबाई तिला दटावायच्या. "हिच्यावांगडा बोल. नुसता दूध घालून पोर शाणा होना नाय. तेच्या डोळ्यात बघून बोल."

"काय बोलू? माका काय येता?"

"बाजारात आज काय मासळी इली ती सांग."

म्हातारीने ते शब्दशः घेतलं. रोज संध्याकाळी पडवीत मुलीला मांडीवर घेऊन ती तिला बाजार सांगायची. पेडवे किती आले, सुरमई कुणी नेली, कुणाची सुंगटं शिळी होती. मी वह्या तपासता तपासता ऐकायची. मुलगी उशिरा बसली, उशिरा उभी राहिली. पण बोलायला लागली ती वेळेवर, आणि तिचा पहिला शब्द "बांगो", म्हणजे बांगडा, होता. नर्सबाईंनी तो स्वतःच्या कानांनी ऐकला. त्या इतक्या हसल्या की त्यांना डोळे पुसावे लागले, आणि मग पुसतच राहिल्या.

मुलगी पावणेदोन वर्षांची असताना मी कणकवलीला शिक्षकांच्या सभेला गेले होते. घाटाकडच्या शाळेतले एक गुरुजी जेवताना सहज म्हणाले, आमच्याकडच्या नर्सबाई गेल्या. कावीळ झाली होती. आठ दिवस अंगावर काढली आणि मग दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला. मी विचारलं, त्यांच्याजवळ कोण होतं? गुरुजी म्हणाले, कोणी असेलसं वाटत नाही, एकट्याच राहायच्या.

तो शुक्रवार होता. शनिवारी मला सांगवलं नाही. रविवार हा त्यांचा यायचा दिवस. म्हातारीने मुलीला न्हाऊ घालून, काजळ लावून ओटीवर बसवलं होतं. दुपारची एसटी खाडीपलीकडे येऊन गेली, उतरलेली माणसं होडीने आली, तीही आपापल्या घरी गेली. मग मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि सांगितलं.

म्हातारीने मुलीच्या डोळ्यातलं काजळ पदराने पुसलं. मुलगी तिच्या गुडघ्याला धरून उभी राहायचा प्रयत्न करत होती. शेवटी म्हातारी म्हणाली, "बाई, तेवा सायब इलेलो. नर्सबाय जेवता काय, म्हणान इचारल्यान. मिया होय म्हटलंय. म्हणान तिका हयसून धाडल्यानी. ती हय आसती तर शेवंती जगली आसती." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "माज्याच तोंडान गेली गे माजी सून."

मला सांगायचं होतं. शब्द तोंडाशी आले होते. पण मी एवढंच म्हणाले, "तसं काही नसतं, आये," आणि मुलीला उचलून मांडीवर घेतलं.

म्हातारी त्यानंतर सात वर्षं जगली. मुलगी माझ्याच शाळेत आली, माझ्याच वर्गात बसली. म्हातारी दर थोड्या दिवसांनी ते साहेबांचं आणि आपल्या "होय"चं बोलायची, आणि मी दर वेळी तेच उत्तर द्यायची. नर्सबाईंनी दिलेला शब्द शेवटपर्यंत पाळला होता, माझं नाव कुणाला सांगितलं नव्हतं. ते सांगायचं काम माझं होतं, आणि मी सात वर्षं त्याच पडवीत राहून म्हातारीला तो दोष एकटीने वाहताना बघत राहिले.